पाणी मागावं लागतं

१२ फेब्रुवारी

वहिनी,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. दादाचा ‘पोचलो’ एवढाच निरोप आला, तोही आईच्या फोनवर. सामान धड पोचलं का? कपाटाचा आरसा मी चादरीत गुंडाळून दिला होता. तो कडेला आधीपासूनच तडकलेला होता, तेवढं लक्षात असू दे, नाहीतर तोही माझ्याच नावावर जमा व्हायचा.

जमला नाही विनोद. कळतंय मला.

एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. लोकांच्या फोनवर जे फिरतंय ते माझं पूर्ण भाषण नाही. वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मी तासभर बोलले. विषय त्यांनीच दिलेला: ‘उद्याची युद्धं संस्कृतींमध्ये होतील का?’ शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईला कधी नव्हे तो एवढा मोठा विषय मिळाला, आणि सीमेवर रोज काहीतरी धुमसत असल्यामुळे सभागृहही भरलेलं. मी व्यापारी वाटांबद्दल बोलले. जमिनीसाठी लढणारे राजे तोंडाने देवाचं नाव कसे घेत, ते सांगितलं. माणसं एकमेकांच्या भाषेतले शब्द कशी खिशात घालून घरी नेतात, त्याची उदाहरणं दिली. त्यातलं एक अक्षर कोणी उचललं नाही. उचललं ते शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, तेवढंच कापून. मागचं-पुढचं काढून टाकलं की कोणाचंही बोलणं वाईट दिसतं. तू एवढी वर्षं चष्म्याच्या दुकानात काढलीस. एकच काच बसवून चष्मा हातात दिला तर माणसाला काय दिसणार, ते तुला मी सांगायला नको.

आई बरी आहे. तू गेल्यापासून चष्मा नाकावरून घसरतो म्हणते.

दादाला सांग, आईला फोन करताना मी घरात आहे का असं आधी विचारत जाऊ नकोस. तिला वाईट वाटतं.

तुझी,
(तू थट्टेने ‘वन्सं’ म्हणायचीस, तसं लिहिणार होते. आज राहू दे.)


३ मार्च

वहिनी,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. सध्या एवढ्यावरच समाधान.

काल आईने मला स्वयंपाकघरात गाठलं.

“त्या फोनमधलं मला ऐकव.”

“कशाला आई?”

“सगळ्या जगाने ऐकलं. मी काय घोडं मारलंय?”

ऐकवलं. ऐकतानाही तिने चष्मा बोटाने वर ढकलून धरला होता. संपल्यावर म्हणाली, “पुढे?”

“पुढे काही नाही.”

“म्हणजे कापलंय ते.”

वहिनी, केवढी सोय होती त्या क्षणी! नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. तुला तर तसं लिहून पाठवलेलंही होतं. पण आई माझ्याकडे बघत होती. लहानपणी ताप आहे की शाळा बुडवायची आहे, हे ओळखायला जसं बघायची, तसं.

म्हटलं, “नाही. मी तिथेच थांबले होते.”

तिने गॅस बंद केला आणि आत निघून गेली. चहा तसाच राहिला.

तू ते ऐकलं आहेसच. तरी आज मी ते माझ्या हाताने लिहिणार आहे. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, “बाई, हे सगळं पुस्तकातलं झालं. पलीकडचे लोक आपल्यापेक्षा खरोखर वेगळे असतात का? एखादं जिवंत उदाहरण द्या.” लोक पेंगायला लागले होते. मागच्या दाराने दोघं-तिघं निघूनही गेले होते. आणि मी म्हणाले:

“पुस्तक कशाला हवं? माझ्या घरात पलीकडची सून आहे. माझे वडील गेले तेव्हा सगळं घर रडत होतं. ती रडली नाही. कोणाच्या पाठीवर हात ठेवला नाही. कित्येक दिवस एका शब्दाने बोलली नाही. नळाखाली भांडी घासत उभी राहिली, घासलेली पुन्हा घासत राहिली. आता तुम्हीच ठरवा, माणसं सगळीकडे सारखी असतात का.”

मग मी टेबलावरचा पेला उचलून पाणी प्यायले. वक्ते पितात तसं, सावकाश. पेंगणारे जागे झाले होते. निघालेल्यांपैकी एक दारात थांबला होता. टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं, वहिनी. फार बरं वाटलं.

दुकानातलं मला आईकडून कळलं. गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची दांडी बसवायला तू हात पुढे केलास आणि त्या बाईने मान मागे घेतली. दुसऱ्या दिवशी आणखी कोणीतरी. मग मालक म्हणाले, “तुम्ही काही दिवस आत बसून काचा घासा.” आणि दादाने बदली मागून घेतली. हे सगळं होत होतं तेव्हा मी परीक्षेचे पेपर काढते आहे असं सांगून घरात बसले होते. पेपर केव्हाच काढून झाले होते.

अजून एक. व्याख्यानमालेचे अध्यक्ष, ज्यांना तू ‘इस्त्रीसाहेब’ म्हणायचीस, त्यांचा फोन आला. “बाई, या वेळी मोठं सभागृह घेतोय. विषय तोच ठेवू. लोक तुमचीच मागणी करताहेत.” मी ‘हो’ म्हणाले. फोन ठेवला आणि जाता जाता आरशात बघून केस सारखे केले.

हे तुला कळायची काही गरज नव्हती. म्हणूनच लिहिलं.


२१ मार्च

वहिनी,

आई माझ्याशी कामापुरतं बोलते. चष्मा आता फारच घसरायला लागला. मी म्हटलं, दुकानात नेऊन सारखा करून आणते. तर उसळली. “ज्याने माझ्या सुनेला आत बसवलं, त्याच्यापुढे मी नाक घेऊन जाऊ? त्यापेक्षा आंधळी बरी.” दांडीला दोरा बांधून फिरते आहे. सोसायटीत सगळे विचारतात आणि ती सगळ्यांना खरं कारण सांगते. मी बाजूला उभी असले तरी सांगते. मी असले की जरा मोठ्यानेच.

आज जे लिहायचं आहे त्याभोवती मी दोन पत्रं नुसती फिरते आहे. लिहून टाकते.

मला माहीत होतं.

तुझी आई गेली तेव्हा सीमा बंद होती. तुला जाता आलं नाही. तू गप्प झालीस. आईने तुला जवळ घेतलं, मी म्हटलं, रड गं, मोकळी हो. तू काहीच बोलेनास. आम्ही तुला काही काम करू दिलं नाही. जेवणाचं ताट हातात, पाणी हातात. बाबा तर पेपरसुद्धा हळू उलटायचे. आणि तुझ्यामागे आम्ही म्हणत होतो, कसली कठीण आहे ही! मग एका सकाळी स्वयंपाकघरातून आरोळी आली, “दूध! दूध!” आणि आम्ही सगळे धावलो. दूध ओट्यावरून खाली वाहत होतं आणि बाबा टाळ्या वाजवत होते. “बोलली, बोलली!”

पुढे कधीतरी गच्चीवर कपड्यांच्या घड्या घालताना तू मला सांगितलंस. तुमच्याकडे माणूस गेलं की घरातला एक आवाज गेला असं धरतात. मग घरच्या बायका आपलाही आवाज खाली ठेवतात. हात मात्र रिकामे ठेवायचे नसतात, काही ना काही घासत, निवडत, धूत राहायचं. आणि घरातल्या थोरल्या माणसाने त्यांच्याकडे पाणी मागितलं, की आवाज परत उचलायचा.

“अगं, मग आम्ही तुझ्याकडे पाणी मागितलंच नाही?” मी विचारलं.

“कुठलं मागताय? तुम्हीच मला आणून देत होतात. फार चांगली माणसं!”

“सांगायचंस तरी!”

“सांगायला बोलावं लागतं ना, वन्सं.”

किती हसलो होतो आपण. ओली चादर दोघींच्या मध्ये होती, दोन टोकं तुझ्याकडे, दोन माझ्याकडे, आणि पिळायचं सोडून हसत होतो.

म्हणून बाबा गेले तेव्हा तू गप्प का आहेस हे घरात एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. आईला ते मीच सांगितलं. “आई, तिच्याकडे पाणी माग.” आईने मागितलं. तू पेला घेऊन आलीस आणि इतक्या दिवसांनी बसलेल्या घशाने विचारलंस, “गार देऊ की माठातलं?” आणि आई जी रडली, ती बाबांना नेलं तेव्हाही तशी रडली नव्हती. तुला कुशीत घेऊन रडली.

सभागृहात माझं वाक्य इथपर्यंत यायला हवं होतं. मी अलीकडेच थांबले. विसरले म्हणून नाही. पुढचं सांगितलं असतं तर लोक ‘अरे वा’ म्हणाले असते आणि घरी गेले असते, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसलं.

पण तेवढंच असतं तर मी नुसती हावरी ठरले असते. त्याच्याखाली अजून काहीतरी आहे.

बाबांचा चहाचा पेला आठवतो? आतून तपकिरी वर्तुळ पडलेला. ते कोणाला नीट घासू द्यायचे नाहीत, “चव त्यातच आहे” म्हणायचे. ते गेल्यावर मी तो बाजूला ठेवला होता. तू तो घासलास. लख्ख पांढरा केलास. मी स्वयंपाकघरात आले तेव्हा तो ओट्यावर पालथा होता, नवा आणल्यासारखा. मला तुझ्यावर ओरडता येईना, कारण तुझ्या गप्प राहण्याचा अर्थ मला माहीत होता. आणि तू ‘चुकलं’ म्हणू शकत नव्हतीस, कारण तू गप्प होतीस. मला त्या दिवसांत कोणीतरी जवळ घ्यायला हवं होतं आणि ते कोणीतरी म्हणजे तूच हवी होतीस. तुझ्या भांड्यांचा आवाज ऐकत मी बाबांच्या खोलीत बसून राहायचे आणि मनात म्हणायचे, हिला सगळं ठाऊक असून ही माझ्याजवळ येत नाही. खरं तर सगळं ठाऊक असलेली मीच होते.

शाळेत मी शिकवते, एकमेकांना समजून घेतलं की भांडणं मिटतात. पोरं तसं लिहितात, मी मार्क देते. वहिनी, मला समजलेलं होतं. सगळं समजलेलं होतं. ते समजणं मी नीट घडी करून बाजूला ठेवलं आणि राग तेवढा माईकसमोर धरला.

व्याख्यान पुढच्या आठवड्यात आहे. नकार देणार होते. आई म्हणाली, “जिथे सांडलंस तिथे पुसायला जा.”


३० मार्च

वहिनी,

झालं व्याख्यान.

मला वाटत होतं, तुला लिहिताना मी म्हणेन की सभागृह स्तब्ध झालं आणि लोकांचे डोळे पाणावले. तसं काही झालं नाही.

मी सुरुवातच तुझ्यापासून केली. मागच्या वेळी मी अर्धं सांगितलं होतं, उरलेलं आज सांगते, असं म्हणाले. तुझी आई, बंद सीमा, उतू गेलेलं दूध, आईने मागितलेलं पाणी. पेल्याचंही सांगितलं, आणि त्यात माझा जीव का अडकला होता तेही. बोलताना आवाज इतका बारीक झाला की माईकवाला दोनदा येऊन काहीतरी फिरवून गेला. दुधाला लोक हसले. बाकी खोकत होते.

मग प्रश्न. पहिल्याच गृहस्थांनी घड्याळाकडे बघत विचारलं, “ते सगळं ठीक आहे हो बाई. पण युद्ध होणार की नाही, ते सांगा!”

म्हटलं, “मला माहीत नाही. वेगळेपणा खरा आहे, तो खुपतोही, मलाही खुपला. पण नुसता खुपला म्हणून कोणी दुसऱ्याच्या घरावर चालून जात नाही. त्याआधी कोणीतरी उभं राहून त्यातलं अर्धंच सांगावं लागतं आणि ऐकणाऱ्यांना ते अर्धंच हवं असावं लागतं. मागच्या वेळी इथे दोन्ही होतं.”

हे त्यांना आवडलं नाही. कसं आवडेल? टाळ्या वाजवणारे हात त्यांचेच होते.

मग मागून एक बाई उठल्या. साध्याशा, हातात भाजीची पिशवी. रागाने नाही, खरंच कळेना म्हणून विचारलं त्यांनी. “तुम्ही मागच्या वेळीही असंच अगदी मनापासून सांगितलं होतं. मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं. मग आत्ताचं खरं कशावरून?”

मी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत उभी राहिले. उचलायचा धीर झाला नाही.

बाहेर चहाच्या वेळी इस्त्रीसाहेब म्हणाले, “आज तितकं रंगलं नाही.” ते भाषणही कोणीतरी फोनवर टाकलं आहे म्हणे. कोणी पुढे पाठवत नाही. पहिलं अजून फिरतं आहे. काल शाळेच्या शिपाईकाकांच्या फोनवर पाहिलं, कोणी नव्याने पाठवलं होतं. ते गडबडीने फोन खिशात घालायला लागले. म्हणाले, “छान बोलता बाई तुम्ही.”

पुसून निघत नाही हे. आईला तसं सांगितलं, तर म्हणाली, “निघत नाही म्हणून पुसायचं सोडतात का?”

चष्म्याच्या दुकानात गेले होते. मालकांना म्हटलं, चूक माझी आहे, तिला परत बोलवा. ते वाईट नाहीत. काच पुसत म्हणाले, “माझं काही नाही हो. पण गिऱ्हाइकांना कोण सांगणार?” मी सांगेन म्हटलं. ते नुसते हसले. कसं, ते लिहीत नाही.


१७ एप्रिल

वहिनी,

हे शेवटचं पत्र आहे. घाबरू नकोस, रुसून म्हणत नाहीये.

काल दादाचा फोन आला. आईने मुद्दाम आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला, मला ऐकू यावं म्हणून. दादाचा आवाज जड होता. म्हणाला, “ती तुमच्याशीच नाही, माझ्याशीही बोलत नाही. इथे आल्यापासून एक शब्द नाही. पत्रं आली की वाचते, कपाटात ठेवते आणि भांडी घासायला लागते. डॉक्टरकडे नेऊ का?”

फोन ठेवल्यावर मी आईला म्हटलं, “एवढा राग! आता ती आयुष्यात बोलणार नाही.”

आई चष्म्याचा दोरा कानामागे अडकवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुला सगळं माहीत असतं ना? भाषणं देतेस. मग एवढं कळत नाही? राग असता तर चांगली भांडली असती. तोंड काय कमी आहे का तिचं? ती गप्प आहे म्हणजे तिच्या घरातलं कोणीतरी गेलंय.”

“कोण गेलं?”

“तिची नणंद गेली.”

वहिनी, इतकी पत्रं लिहिली मी तुला. कारणं दिली, कबुल्या दिल्या, रडगाणी गायली, आणि प्रत्येक पत्राआडून तुझ्याकडे माफीच मागितली. तू आवाज खाली ठेवलेला असताना मी तुला बोल, बोल म्हणत होते. पुन्हा तेच केलं मी. माहीत असून.

आईने बॅग भरायला घेतली आहे. गुडघ्याचं कारण काढून मी अडवलं, तर म्हणाली, “थोरली कोण? मी की तू? पाणी मीच मागायला हवं.” रविवारी दुपारच्या गाडीने येतो आहोत. बाबांचा पेला तिने साडीत गुंडाळून घेतला आहे. “दुसऱ्या कशात मला पाणी लागत नाही,” म्हणते. हे तिने आजच ठरवलं आहे. आजपर्यंत ती स्टीलच्या तांब्याने प्यायची.

मला तिने ताकीद दिली आहे. “दारात तू तोंड उघडायचं नाहीस. सामान उचलायचं आणि माझ्यामागे उभं राहायचं.” तशीच राहीन.

तू तिला पाणी दे. तिचा चष्माही बघ, कानामागे दोऱ्याचा वळ उठला आहे. मला दिलं नाहीस तरी चालेल. आणि ती गेलेली नणंद मेलेलीच राहू दे असं तुला वाटलं, तर मी सामान आत ठेवून स्टेशनवर जाऊन बसेन. आईला न्यायला दादा सांगेल त्या दिवशी परत येईन.

आता पत्र बंद करते. माझाही आवाज खाली ठेवते आहे, वहिनी. तुझ्याकडची भांडी घासून झाली नसतील तर थोडी माझ्यासाठी ठेव.